चौदावा डबा

“सगळा दाखवा, इख्लाक मियाँ. काही कापू नका,” असं बजावून शिवदयाल मिश्र शबनम टॉकीजमधल्या त्यातल्या त्यात धड खुर्चीवर बसले. टॉकीज पुढच्या आठवड्यात पाडायची होती. पंडितजींनी बत्तीस वर्षांत तिची पायरी चढली नव्हती.

वर मशीनच्या खोलीत इख्लाक मास्टरांनी पहिला डबा उघडला. एकूण चौदा डबे. सिनेमा दोन प्रेमिकांचा, हट्टी बापाचा आणि नदीचा. या गावात तो एकदाच लागला, एका दुपारी. तेव्हा दोन गावांत मिळून सिनेमाची एकच प्रत चाले. पलीकडच्या गावातल्या टॉकीजमध्ये लावून झालेला एकेक डबा टॉकीजचा पोऱ्या बब्बन सायकलवर घालून इकडे आणी. त्या दुपारी पंडितजींची कुमुद लोहारगल्लीतल्या जगनबरोबर आली होती. पडद्यावरच्या दोघांनी पुलावरून उडी घेतली. खेळ सुटला आणि ही दोघं तशीच चालत रामगंगेच्या पुलावर गेली. दुसऱ्या दिवशी लोकांनी पोस्टरं फाडली. कंपनी डबे न्यायलाही आली नाही.

तेव्हापासून पंडितजींच्या तोंडी एकच वाक्य होतं. सिनेमानं माझी पोर खाल्ली. कुमुदचं लग्न तिला न विचारता बरेलीला ठरवलं होतं ते त्यांनीच, हे गल्लीला ठाऊक होतं. पण पोर गमावलेल्या बापाला तोंडावर कोण बोलणार? सिनेमा बिचारा उलटून बोलत नाही. इख्लाक मास्टर दर ईदला त्यांच्या ओसरीवर शेवया नेऊन देत आणि ते वाक्य मान खाली घालून ऐकून घेत.

बारा डबे झाले, पंडितजी जागचे हलले नाहीत. तेराव्यात पोरगी पुलाच्या कठड्यावर चढली. तिनं ओढणीचं टोक त्याच्या मनगटाला बांधलं. दोघांनी उडी घेतली. पाणी उसळलं, मग शांत झालं. पडदा पांढरा पडला.

“कुमुदची ओढणीही अशीच बांधलेली सापडली,” पंडितजी खालून म्हणाले. “सिनेमावाल्यांनी मारून टाकलं पोरांना. संपलं ना?”

मास्टरांचा हात दिव्याच्या बटणावर होता. नुसतं ‘हो’ म्हटलं की संपत होतं. टॉकीज पडली असती, डबे भंगारात गेले असते, पुढच्या ईदला दोघं म्हातारे ओसरीवर बसले असते. बब्बन तर केव्हाच वारला होता. सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“सगळा म्हणालात ना,” ते म्हणाले. “अजून एक डबा आहे.”

झाकण गंजून बसलं होतं. ते पान्यानं उचकटावं लागलं.

पडद्यावर नाव आली. नावाड्यानं तरंगती ओढणी धरून ओढली आणि दोघंही वर आली. पोरगी खोकली. पोरगा रडता रडता हसला. काठावरून पोरीचा बाप अनवाणी धावत आला. त्यानं दोघांना एकदमच कवेत घेतलं. “चला, घरी चला,” तो म्हणाला. सिनेमा संपला.

पंडितजी उठले. खुर्चीची पाठ धरून त्यांनी वर झरोक्याकडे बघितलं.

“हे... हे माझ्या कुमुदनं पाहिलं होतं?”

“नाही.”

“का?”

इख्लाक मास्टर झरोक्याशी आले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर ठेवली.

“बब्बनची सायकल पंक्चर झाली होती, पंडितजी. डबा वाटेत होता. खाली लोक ढसाढसा रडत होते. मला वाटलं, हाच शेवट चांगला आहे. मी दिवे लावले.”