चोरच भारी

सिनेमा सुटला. थिएटरबाहेर एक मुलगी माइक घेऊन एकेकाला विचारत होती, "कसा वाटला?"

"चोर एक नंबर! काय डोकं लावून तिजोरी फोडली!" एक तरुण म्हणाला.

"पोलीस मात्र अगदीच बावळट," त्याची मैत्रीण हसत म्हणाली.

एकटेच आलेल्या निवृत्त फौजदारांना राहवलं नाही. ते माइकजवळ गेले. "असं काही नसतं हो. आमच्या वेळी चोर जिना उतरायच्या आत..."

पण मुलगी तोवर दुसऱ्या घोळक्याकडे वळली होती.

"अगदी खरं, साहेब," मागून आवाज आला. "सराफाचं दुकान फोडलं, तेव्हा माझी मानगूट तुम्ही जिन्यातच धरली होती."

फौजदारांनी वळून पाहिलं. केस पार पांढरे झाले होते, पण ते मिस्कील डोळे त्यांनी लगेच ओळखले.

"तू? अजून तेच धंदे?"

"छे हो! शिक्षा भोगली, सुटलो. आता लोकांची कुलपं दुरुस्त करतो."

दोघंही खो खो हसले. मग सिनेमातल्या चुका काढण्यात असे रंगले, की गर्दी कधी पांगली ते कळलंच नाही.

"येतो, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "घरी नातवंडं वाट बघत असतील."



फौजदारांनी त्याचं मनगट घट्ट पकडलं. "थांब रे थोडा. बायको गेल्यापासून मला ओळखणारं पहिलंच माणूस भेटलंय."