एका नावाचे दोघे

डोळे घट्ट मिटा बरं. समजा, समोर संगणक आहे आणि उद्या त्यावर तुमची परीक्षा आहे. तो पडद्यावरचं वाचून दाखवतो, तुम्ही ऐकून उत्तर टाइप करता. आणि आज त्याचा आवाजच गेलाय.

सेनगावजवळच्या एका शाळेत आठवीतली कोमल अशीच बसली होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. शाळा सुटेपर्यंत आवाज आला नाही, तर उद्या तिची उत्तरं लेखनिक लिहिणार होता. मागच्या खेपेला लेखनिकानं तिची दोन बरोबर उत्तरं स्वतःच्या अकलेनं 'सुधारली' होती.

निवृत्त रत्नपाल गुरुजी पडद्याला नाक लावून बसले होते. वयानं अधू झालेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्यांनीच काल नव्यानं बांधला होता. तेव्हापासून आवाज बंद.

"काय म्हणून राहिलं ते, गुरुजी?" कोमलनं विचारलं.

"म्हणतंय, आवाजाचं मॉड्यूल जुळंना. मॉड्यूल म्हणजे गाभ्याला जोडायचा तुकडा, लेकरा."

"काहून जुळंना? तुकड्यांच्या तारखा वाचा की."

गुरुजी वाचू लागले. "काल... काल... काल..." मग थबकले. "आवाजाचा तर दिवाळीच्या आधीचा हाय!"

"जुना तिथं कसा?"

"नव्या गाभ्याला मी जुनंच नाव ठेवलं. नाव एक, म्हणून दोघांचे तुकडे एकाच कप्प्यात."

कोमल खुदकन हसली. "आमच्या घरी बी तेच! आज्याचं नाव नातवाला ठेवलं, बालाजी. आई धाकल्याला हाक मारती, अन् आजाच काठी घेऊन उठतो. म्हणून आता आमी धाकल्याला बाळू म्हणतो."

गुरुजींनी नव्या गाभ्याचं नाव बदलून 'बाळू' केलं आणि गाभा पुन्हा बांधायला लावला.

"अन् जुना कप्पा? पुसला?"

"न्हाई. आजोबा राहू दे घरात. नातू रुसला तर तेच कामी येतील."

तासाभरानं नवा कप्पा भरला. त्यात आवाजाचा तुकडाच नव्हता. तो वेगळा बांधावा लागे, आणि कालच्या घाईत गुरुजी ते विसरले होते. हाकेला जुना उठून उभा राहत होता, म्हणून नव्याची उणीव दिसलीच नव्हती. आता रिकामी जागा लख्ख दिसली. गुरुजींनी तुकडा बांधून बसवला आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केला.

"बाळू तयार," संगणकातून खरखरीत आवाज आला.

गुरुजींनी सरावाची प्रश्नपत्रिका उघडली. डोळे पुसले आणि सवयीनं वाचायला पुन्हा पडद्याकडे वाकले. कोमलनं त्यांची बाही धरून मागं ओढलं.

"सरका, गुरुजी. आता तुमी डोळे मिटून बसा."

तिनं कळ दाबली, कान देऊन ऐकलं, आणि पहिला प्रश्न त्यांना वाचून दाखवला.