बादलीवर अपील नाही

पद्मावतीबाईंची बादली दारातच अडवली गेली. त्या आत आल्या, बादली बाहेर राहिली. हिमायतनगरमधल्या हॉटेलचा थंडगार हॉल, प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली आणि मधोमध निवृत्त न्यायाधीश, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले लवाद.

वाद एका ओळीचा होता. सुलतान बाजारातले साडीवाले हिम्मतराव म्हणत, बाईंनी रंगवून दिलेल्या साड्यांचा रंग जातो. त्यांनी सगळा माल परत पाठवला आणि करार मोडला. पूर्वी बाजारातल्या बायका बाईंच्या साडीवर ओला रुमाल घासून बघत आणि निमूट खरेदी करत. आता रुमालही कुणी काढेना. नाव ऐकलं की पुढच्या दुकानात जात. बाईंनी दुसरी साडी धुऊन दाखवली, तर लोक म्हणाले, ही कुठे वादातली आहे? वादातल्या साड्या लवादांच्या कपाटात सील करून ठेवलेल्या.

त्यातली एक काढावी आणि सगळ्यांसमोर धुवावी, एवढंच बाईंनी हळू आवाजात मागितलं.

हिम्मतराव हसले. "पद्माबाई, धुणं घरी. इथं नक्को."

त्यांच्या वकिलांनी कडाडून हरकत घेतली. लवादांनी बिस्कीट चहात बुडवून थोडा विचार केला. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांचे अहवाल आलेले आहेत, असं ते म्हणाले. एकात रंग जातो असं होतं, दुसऱ्यात जात नाही असं. दोन्ही तज्ज्ञांनी साडी फोटोत पाहिली होती. बादलीची गरज नाही, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, यावर वर जाता येईल ना? त्यांचा वकील अनिरुद्ध, मुलीच्या वर्गातला, समजावू लागला. सुनावणी कशी चालवायची, पुरावा कसा घ्यायचा, हे लवादच ठरवतात. असल्या मधल्या हुकमावर अपील नसतं. शेवटचा निवाडा येऊ द्या. तो विरुद्ध गेला, की कोर्टात सांगू, आम्हाला बाजू मांडूच दिली नाही.

"म्हणजे आधी हरायचं?"

"नीट हरायचं, मावशी."

बाई मनाने हरायच्या तयारीला लागल्या. देवापुढे रोज बसत, पण जिंकू दे असं म्हणायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

निवाडा आला. बाई जिंकल्या.

हिम्मतरावांनी तक्रार मुदत उलटल्यावर केली होती, म्हणून करार मोडणं चूक. रंग जातो की नाही, हे बघण्याची लवादांना गरजच पडली नाही. अनिरुद्ध पेढे घेऊन आला. बाईंनी पेढा हातात धरला आणि म्हणाल्या, आता त्या बादलीवर अपील कर. अनिरुद्ध हसला. सगळं तुमच्या मनासारखं झालं, जिंकलेल्याने कशावर अपील करायचं?

सुलतान बाजारात बातमी वेगळीच पोचली. रंग जात असणारच. बाई मुदतीवर सुटल्या.

थोड्या दिवसांनी अनिरुद्ध तावातावाने घरी आला. निवाडा रद्द करा, सुनावणी पुन्हा घ्या म्हणून हिम्मतराव कोर्टात गेले होते. त्यांची तक्रार काय, तर लवादांनी साडी एकदाही धुऊन पाहिली नाही, हा आपल्यावर घोर अन्याय झाला. बादलीला हरकत यांनीच घेतली होती, बेशरम माणसं, असं म्हणत अनिरुद्ध येरझाऱ्या घालत होता. पहिल्याच तारखेला त्यांचा अर्ज उडवून लावतो, बघा तुम्ही.

संध्याकाळी बाई नेमाप्रमाणे नारायणगुड्याच्या मारुतीला गेल्या, तेल वाहिलं, प्रदक्षिणा घातल्या, आणि डोळे मिटून हिम्मतरावांसाठी यश मागितलं.