वाढदिवसाचं रिंगण

यांतिना आजींच्या वाढदिवसाला मंडळी डच रिवाजाप्रमाणे एकमेकांचंही अभिनंदन करून खुर्च्यांच्या रिंगणात बसली. गेल्याच आठवड्यात आजींचा मोतीबिंदू काढला होता; नातीशिवाय कुणाला ते ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षांनी चेहरे दिसत होते. सून रिन्स्के केक घेऊन आली. “आई, अजून एक तुकडा घ्या ना, खास तुमच्यासाठी केलाय!” आवाज नेहमीसारखाच मधाळ होता, पण बोलताबोलता तिने नणंदेकडे पाहून नाक मुरडलं. समोर आजींचा मुलगा गाल आत ओढून आईच्या चघळण्याची नक्कल करत होता. कपांआड सगळे गुपचूप हसत होते; खेळ जुनाच असावा. एवढ्यात नात घाबरून ओरडली, “बाबा, थांबा! आजीला आता दिसतं!” सगळ्यांच्या नजरा आजींकडे वळल्या. वर्षातून एकदाच येणारी ही माणसं आता तोंड चुकवतील, आजींनी ओळखलं. “कुठलं दिसतंय, बाळा? अजून धुकंच आहे,” म्हणत त्या स्पष्ट दिसणारी बशी चाचपडत शोधू लागल्या.