अकरावं मिनिट

स्मिताताई रोज दुपारी कॉम्प्युटरवर केलेल्या संगीताचा तोच एक अल्बम लावायच्या. त्यात ना शब्द, ना ठेका. पुरुषोत्तमरावांना पेपर वाचताना पाण्याच्या पंपाची घरघर ऐकल्यासारखं वाटायचं.

त्या गेल्यावर दोन महिन्यांनी पुरुषोत्तमरावांनी मुलीकडून, केतकीकडून, हेडफोन मागून घेतला. रोज ऐकता ऐकता घरघरीमागे बारीक घंटा सापडल्या, घंटांमागे वाऱ्यासारखं काहीतरी सापडलं. आवडायलाही लागलं. रविवारी केतकी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीहून आली, तेव्हा त्यांनी विचारलं,

"अकराव्या मिनिटाला काय आहे गं? तुझी आई तिथे नेमकं बोट वर करून हसायची. मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तिथे काही नाहीच, बाबा. सगळे आवाज थांबतात. आणि तुम्ही पेपरमागून विचारायचात, 'संपलं का गं एकदाचं?' आई मला म्हणायची, 'स्वल्प थांब, जरासंच, आता बाबांचा आवाज येईल.'"

पुरुषोत्तमरावांनी हेडफोन काढून ठेवला. अल्बम स्पीकरवर पहिल्यापासून लावला आणि पेपर उघडून बसले. अकराव्या मिनिटाला सगळं शांत झालं.

"संपलं का गं एकदाचं?" त्यांनी पेपरमागून विचारलं.

संगीत पुन्हा सुरू झालं.