चार दिवसांची खोली

"ए बाई, लिफ्ट चालू कर," दगडू म्हणाला आणि त्याने बंदुकीची नळी यमुनाच्या खांद्याला टेकवली. समुद्राच्या तळाशी वसलेलं हे गाव त्याच्या टोळीने सहा दिवसांपूर्वी ताब्यात घेतलं होतं. प्रयोगशाळेतली महागडी औषधं पेट्यांत भरून झाली होती. आता फक्त वर जायचं होतं.

यमुना तांडेल गेली बारा वर्षं गावाची हवा सांभाळत होती. बटणाला हात न लावता ती म्हणाली, "थेट वर गेलात तर रक्तात बुडबुडे होऊन मराल. इथली दाबाची हवा सहा दिवस तुमच्या अंगात मुरलीय. आधी त्या दाब उतरवायच्या खोलीत बसायचं. चार दिवस."

"थापा मारू नकोस."

"माझी आई वर वारली तेव्हाही मी चार दिवस तिथेच बसले होते. पोचले तेव्हा राख सावडून झाली होती."

दगडूने तिचा चेहरा निरखला, मग साथीदारांकडे पाहिलं. आधी वर जाऊन बघायला कोणीच पुढे येईना.

"ठीक आहे, बसतो खोलीत," तो अखेर म्हणाला. "दाब कोण उतरवतं?"

"मी. बाहेर झडपेच्या चाकापाशी बसून, थोडा थोडा. आतून काही करता येत नाही."

दगडूने बंदूक टेबलावर ठेवली आणि पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही जेवलात का?"