दुपारचा नळ

बाळाला आतल्या वॉर्डात न्यायला नर्स दारात येऊन उभी राहिली, तशा सासूबाई बाळाजवळ सरकल्या. एका दिवसाचं पोर. आत्ता कुठे दूध ओढायला शिकलं होतं.

डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. बाळाच्या रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्याच वाढल्या आहेत. आईने कळा सोसल्या असतील, तर बाळाच्या पेशी अशा वाढलेल्या दिसतात, त्याचं एवढं काही नाही. पण कळा सुरू व्हायच्या आधीच ऑपरेशन झालं, तर सहसा इतक्या वाढत नाहीत. मग जंतुसंसर्गाची शंका घ्यावीच लागते. मणक्यात सुई घालून पाणी काढावं लागेल, आणि बाळाला आईपासून वेगळं ठेवावं लागेल.

"कळा येत होत्या मला," खाटेवरून सून म्हणाली. "काल सकाळपासून."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आधीच ठरलेल्या ऑपरेशनसाठी काल संध्याकाळी दाखल करून घेताना कळा येताहेत का विचारलं, तेव्हा हीच बाई नाही म्हणाली होती. पोराला सुई टोचू नये म्हणून आया वाट्टेल ते सांगतात, हे त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी नर्सला खूण केली.

सासूबाईंना कालचा तो प्रश्न आठवला. उत्तर आधी त्यांनीच दिलं होतं. हिला काय, सातव्या महिन्यापासूनच कळा येताहेत, असं म्हणून त्यांनी नर्सला हसवलं होतं. सून मागे दोनदा पोट धरून दवाखान्यात धावली होती आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आली होती. तेव्हापासून घरी येईल त्याला सासूबाई ही गंमत तिखटमीठ लावून ऐकवत. सुनेने दुखण्याबद्दल तोंडाला कुलूपच लावून घेतलं होतं, आणि कालही नर्स हसल्यावर ती नाहीच म्हणाली होती.

काल दुपारी सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला. भांडी तर केव्हाच घासून झाली होती. नळ बंद झाला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. पाण्याच्या आवाजाखालून कण्हणं ऐकू येत होतं. उठावंसं वाटलं नाही असं नाही. पण उठलं असतं, तर एवढे दिवस केलेली चेष्टा गिळावी लागली असती. संध्याकाळी जायचंच आहे की, असं मनाशी म्हणत त्यांनी पांघरूण कानावर ओढून घेतलं.

नर्सने बाळाला उचललं. ते रडायला लागलं.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "ती खरं बोलतेय. काल दुपारभर नळ सोडून कण्हत होती. मी ऐकलंय."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला पुन्हा तपासलं. अंगात ताप नव्हता, श्वास नीट होता. सुई तूर्त नको, संध्याकाळी पुन्हा रक्त बघू, तोवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. नर्सने बाळ आईच्या कुशीत ठेवलं.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. नातवाला घ्यायला त्यांनी हात पुढे केले. सुनेने बाळ दिलं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुमची झोप मोडू नये म्हणून मी नळ सोडत होते."